डोक्याला मार, आयसीयू आणि रक्ताचे रिपोर्ट: आमचा अनुभव

घरातलं माणूस डोक्याला मार लागून आयसीयूत असलं की बाहेर बसलेल्यांच्या हाती फक्त कागद येतात. त्यातले बहुतेक रक्ताचे. त्या आकड्यांवरून माणूस जगणार की नाही हे कळतं का, हा एकच प्रश्न २०२४च्या पावसाळ्यात आमच्या घरात चालू होता. आज कुणी तरी त्याच बाकावर बसलं असेल, म्हणून जे कळलं ते ज्या क्रमाने कळलं तसंच लिहिते. मी डॉक्टर नाही, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. इथली वैद्यकीय माहिती मी डॉक्टरांना विचारून आणि नंतर वाचून पक्की केलेली आहे.

१२ जुलै, शुक्रवार. माझे धाकटे दीर बेळगावहून कामावरून परतत होते. झाडशहापूरच्या पुढे पावसात मोटारसायकल घसरली. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नसल्यामुळे ते आधीच उडून गेलं. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने १०८ला फोन केला आणि भाऊजींच्याच मोबाईलवरून आमच्या घरी कळवलं. माझे मिस्टर गोव्यात वेर्ण्याला कंपनीत असतात, ते पोचेपर्यंत रात्र होणार होती. त्यामुळे आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी, अशा दोघीच बेळगावला निघालो.

कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न आला: अपघात नेमका किती वाजता झाला? मला तेव्हा वाटलं, पोलिसांसाठी विचारतात. तसं नव्हतं. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ट्रानेक्झामिक ॲसिडचं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत द्यायचं असतं, त्यासाठी ती वेळ हवी होती. रक्ताच्या तपासण्यांचा अर्थही त्या वेळेवरच अवलंबून असतो, हे पुढे कळलं. ज्याने पहिला फोन केला त्याच्या कॉललॉगमधून वेळ काढा आणि कागदावर लिहून ठेवा.

पुढचं सगळं भराभर झालं. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, सीटी स्कॅन, मग डॉक्टर बाहेर आले. ग्लासगो स्केलवर स्कोअर ७. शुद्धीची ही मोजपट्टी १९७४ सालापासून जगभर वापरतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे यांचे मिळून ३ ते १५ गुण, आणि ८ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. भाऊजी डोळे उघडत नव्हते, नुसते कण्हत होते, चिमटा काढला की हात मागे ओढून घेत होते. डाव्या डोळ्याची बाहुली प्रकाशाला हळू आकसत होती. सीटीत डाव्या बाजूला कवटीच्या आत रक्ताची गाठ होती आणि मेंदू एका बाजूला सरकला होता. ताबडतोब ऑपरेशन, कवटीचा तुकडा काही महिन्यांसाठी काढून ठेवायचा.

संमतीचा कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता. मला कन्नड येतं, म्हणून मी आत्तींना एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली आणि मगच त्यांनी अंगठा दिला. तुम्हाला येत नसेल तर न लाजता सिस्टरना किंवा वॉर्डबॉयना सांगा. बेळगावात कुणी ना कुणी मराठीत सांगणारं भेटतंच. न कळता सही मात्र करू नका.

ऑपरेशनच्या आधी रक्त काढलं होतं. त्याचे रिपोर्ट तासाभरात आले आणि तिथूनच आमचा अभ्यास सुरू झाला. हिमोग्लोबिन १०.४. साखर २१८. आयएनआर १.६. साखर बघून आत्ती म्हणाल्या, "ह्याला शुगर कधी झाली?" झाली नव्हती. मेंदूला मोठा धक्का बसला की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही ताणाची हार्मोन्स सोडतं, त्याने मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर चढते. जितका मार मोठा तितकी ती चढायची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टर तो आकडा गांभीर्याने घेतात. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, साधारण १ असावं. जखमी मेंदूतून असे पदार्थ रक्तात उतरतात की शरीरभर गोठण्याची यंत्रणा बिघडते. रक्तच गोठत नसेल तर कवटी उघडायची कशी? म्हणून आधी प्लाझ्माच्या पिशव्या लागल्या. ब्लड बँकेने बदली रक्तदाते मागितले. गावातल्या गणेश मंडळाची पोरं रात्री साडेनऊला ट्रॅक्समधून आली, भर पावसात. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

ऑपरेशन पहाटे संपलं. "पहिले तीन दिवस काही विचारू नका, आम्हालाही सांगता येणार नाही," एवढंच सर्जन म्हणाले.

सकाळी पैशाचं. आमचं बीपीएल रेशन कार्ड आहे, त्यामुळे आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. हॉस्पिटलमध्ये योजनेच्या खिडकीवर आरोग्य मित्र बसलेले असतात, त्यांच्याकडे रुग्णाचं आधार आणि रेशन कार्ड घेऊन जायचं. तातडीच्या केसला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागत नाही. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं कार्ड असेल तर सरकार खर्चाचा ३० टक्के वाटा उचलतं, तोही दीड लाखापर्यंतच. भाऊजींच्या आधारवरचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक होता, त्यापायी अख्खी सकाळ गेली. मंजुरी यायच्या आधीच्या औषधांना साधारण अठरा हजार रोख गेले. घरातल्या सगळ्यांच्या कार्डांवरची नावं आजच जुळवून बघा, ही माझी कळकळीची विनंती. मे २०२५पासून केंद्राची रस्ता अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस योजनाही आली आहे. नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, कार्ड कुठलंही असो. आमच्या वेळी ती नव्हती. आता कुणावर वेळ आली तर पहिल्याच दिवशी विचारा.

मग वाट बघणं सुरू झालं. भेट दिवसातून दोनदा, एकेकाला पाच मिनिटं. बाकी वेळ बाक, फोन आणि नातेवाईकांचे प्रश्न. पुण्यात फार्मसी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने रविवारी रात्री एक बातमी पाठवली: डोक्याला मार लागल्यावर रक्ताच्या एका थेंबातून रुग्ण जगेल की नाही ते कळतं. त्याने आणखी एक केलं. गंभीर मेंदूइजेसाठी इम्पॅक्ट नावाचं गणिती मॉडेल आहे. त्यात वय, हातापायांची हालचाल, बाहुल्या, सीटी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि रक्तातले दोनच आकडे, साखर आणि हिमोग्लोबिन, भरले की सहा महिन्यांत मृत्यूची शक्यता टक्क्यांत येते. त्याने भाऊजींचे आकडे भरले. उत्तर पंचवीस ते तीसच्या मधलं आलं.

तो आकडा माझ्या मिस्टरांनी रात्रभर धरून ठेवला. कधी "सत्तर टक्के वाचणार" म्हणायचे, कधी "तीस टक्के म्हणजे थोडं नव्हे" म्हणून उठून जिन्यात जायचे.

सोमवारी सकाळी न्यूरोसर्जरीतले एक तरुण निवासी डॉक्टर राऊंड संपवून बाहेर आले तेव्हा मी त्यांना गाठलं. धारवाडकडचे होते, मराठी अडखळत पण मनापासून बोलायचे. बातमी आणि आकडा दोन्ही दाखवले. ते चिडले नाहीत. आमच्या शेजारी बाकावर बसले आणि चांगली पंधरा मिनिटं बोलले. त्यांनी सांगितलेलं, नंतर वाचून ताडून पाहिलेलं, असं आहे.

मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली काही प्रथिनं रक्तात येतात. त्यात जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही दोन सध्या सगळ्यात महत्त्वाची. अमेरिकेत २०१८च्या फेब्रुवारीत या दोघांच्या तपासणीला परवानगी मिळाली, पण ती कशासाठी? सौम्य मार लागलेल्या माणसाला सीटीची गरज आहे की नाही, हे ठरवायला. जगणं-मरणं सांगायला नव्हे. बातमीत हे दोन विषय एकत्र कालवले होते. जगण्याबद्दलचा अभ्यास निराळा. तो २०२२च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या १८ ट्रॉमा केंद्रांतल्या सुमारे सतराशे रुग्णांचं अपघाताच्या दिवशीचं रक्त तपासून सहा महिन्यांनी त्यांची अवस्था पाहिली. मृत्यूचा आणि गंभीर अपंगत्वाचा अंदाज या दोन प्रथिनांवरून चांगला बांधता आला. पण जे वाचले त्यांच्यातलं कोण पूर्ण बरं होईल आणि कुणाला त्रास मागे राहील, हे ओळखायला ती तपासणी फारशी कामाला आली नाही.

वेळेचा मुद्दा इथे परत आला. यूसीएच-एल१ साधारण आठ तासांत शिखर गाठतं, जीएफएपी वीस तासांच्या आसपास. आम्ही विचारत होतो तिसऱ्या दिवशी, आणि अभ्यासातलं रक्त होतं पहिल्या दिवसाचं. शिवाय ती तपासणी त्या लॅबमध्ये होतच नव्हती.

टक्केवारीबद्दल ते म्हणाले, "हा आकडा खोटा नाही. तुमच्या पेशंटसारखे शंभर पेशंट घेतले तर त्यातले किती जातील ते सांगतो. तुमचा त्या शंभरातला कुठला, ते नाही सांगत." आणि मग थोडं थांबून, "म्हणूनच आम्ही नातेवाईकांना टक्के सांगत नाही. लोक तीस ऐकून उपचार थांबवतात, मग पेशंट जातो, आणि आकडा बरोबर होता असं वाटतं." हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून घेतलं.

असं मी डोळ्यांनी पाहिलंही. आमच्या शेजारी हुक्केरी तालुक्यातलं एक कुटुंब होतं. त्यांचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा भाऊजींच्या पलीकडच्या बेडवर. आषाढीच्या दिवशी, बुधवारी, कुणा नातेवाईकाने त्यांना फोनवर सांगितलं की रिपोर्ट वाईट आहेत, ठेवून उपयोग नाही. पैसेही संपले होते, योजनेचे कागद अडकले होते. मुलाच्या चुलत्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या, रक्तात काय आलंय बघा की." त्यांच्या हातात होते सोडियम, क्रिएटिनिन आणि पांढऱ्या पेशींचे आकडे. त्यांतून त्या मुलाचं आयुष्य वाचता येण्यासारखं काहीही नव्हतं. मी त्यांना आरोग्य मित्रांकडे घेऊन गेले, डॉक्टरांशी कन्नडमधून बोलले. डॉक्टर म्हणाले, अजून थांबा. संध्याकाळी मात्र त्यांनी डामाच्या कागदावर सही केली, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणं, आणि मुलाला घेऊन गेले. पुढे काय झालं मला कळलं नाही. त्या कुटुंबाला मी दोष देत नाही. पण रक्ताच्या एखाद्या रिपोर्टवरून, तेही पहिल्या काही दिवसांत, असला निर्णय कुणी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पैशासाठी निर्णय घ्यावा लागतोय का, की रिपोर्टसाठी, हे आधी वेगळं करून डॉक्टरांसमोर स्पष्ट बोला. पैशाचा मार्ग कधीकधी निघतो.

तरीही मिस्टरांचं समाधान होईना. "पैसे जाऊ देत, खरं एकदा तपासून तरी बघू या." म्हणून एनएसई नावाच्या प्रथिनाची तपासणी करायची ठरली. ती एरवी काही प्रकारच्या कर्करोगासाठी करतात, त्यामुळे मोठ्या लॅबमध्ये होते. डॉक्टर म्हणाले, उपचारात फरक पडणार नाही, पण हरकत नाही. सॅम्पल बाहेरच्या एका लॅबच्या कलेक्शन सेंटरवर द्यायचं, तिथून ते मुंबईला जाणार. खर्च साडेतीन हजारांच्या वर, योजनेत बसत नाही. रक्त काढल्यावर लवकर फिरवून सीरम वेगळं करावं लागतं आणि थंड पेटीतून न्यावं लागतं. रिपोर्ट शनिवारी आला. आकडा वाढलेला, आणि खाली शेरा: नमुना हिमोलाइज्ड. म्हणजे काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटलेल्या. तांबड्या पेशींतही एनएसई असतं, त्यामुळे त्या फुटल्या की आकडा खोटाच वाढतो. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. एस१००बी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचीही अशीच अडचण असते. ते चरबीतही असतं, म्हणून हाड मोडलेल्या माणसात मेंदूला मार नसतानाही वाढू शकतं. भाऊजींचं कॉलरबोन मोडलं होतं, म्हणजे तोही मार्ग बंद. असली तपासणी करायचीच असेल तर आधी दोनच गोष्टी विचारा: निकाल वाईट आला तर तुम्ही काय वेगळं कराल, आणि नमुना किती वेळात मशीनपर्यंत पोचेल?

खरं काम केलं ते रोजच्या साध्या सोडियमने. आठवडा झाला तेव्हा भाऊजी आवाजाला पापणी हलवू लागले होते, आणि मग एकदम परत गुंगीत गेले. आम्ही घाबरलो, पुन्हा रक्तस्राव झाला असेल म्हणून. सीटीत नवीन काही नव्हतं. सोडियम १२४ होतं, असायला हवं १३५ ते १४५. मेंदूच्या इजेत हे दोन कारणांनी होतं. एकात शरीर पाणी धरून ठेवतं, दुसऱ्यात लघवीवाटे मीठ निघून जातं. उपचार उलटे आहेत. पहिल्यात पाणी कमी करायचं, दुसऱ्यात मीठ आणि पाणी दोन्ही द्यायचं. म्हणून लघवीचं सोडियमही तपासलं, दिवसभराचं आत-बाहेरचं पाणी मोजलं, मग ३ टक्के सलाईन अगदी सावकाश सुरू केलं. घाईने वाढवलं तर मेंदूला वेगळीच इजा होते, म्हणून चोवीस तासांत आठ-दहाच्या वर चढू देत नाहीत. दर सहा तासांनी रक्त काढत होते. "किती रक्त काढायलेत पोराचं," म्हणून आत्ती रडायच्या, त्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा गप्प झाल्या. १३३ झालं त्या दुपारी भाऊजींनी डोळे उघडले आणि आत्तींच्या बांगड्यांच्या आवाजाकडे मान वळवली.

त्या रात्रीपासून मी वहीत तक्ता सुरू केला. तारीख, वेळ, सोडियम, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आयएनआर, पांढऱ्या पेशी, ताप, आणि शेवटच्या रकान्यात माणसाने काय केलं: डोळे, हात, आवाज. दोन-तीन दिवसांचे आकडे शेजारी आले की चढ-उतार दिसतो, आणि डॉक्टरांनाही अशा वहीवरून बोलणं सोपं जातं. प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स मागून घ्या. मूळ कागद योजनेच्या फाईलमध्ये जातो.

मधले दिवस थोडक्यात सांगते. श्वासासाठी गळ्यात छिद्र केलं, न्यूमोनिया झाला, पांढऱ्या पेशी अठरा हजारांवर गेल्या, अँटिबायोटिक बदलल्यावर उतरल्या. ऑगस्टच्या मध्यात नाकातली अन्नाची नळी आणि गळ्यातली श्वासाची नळी, दोन्हींसकट घरी सोडलं. भाड्याचं सक्शन मशीन, एअर बेड, डायपर, फिजिओथेरपी हे सगळं खिशातून. महिन्याला दहा-बारा हजार धरून चाला. चवथीला गणपती आला तेव्हा भाऊजी खुर्चीत बसून आरतीला होते, गळ्याची नळी तोवर निघाली होती.

पोलिसांचे कागद कन्नडमध्ये असतात. एमएलसी नंबर, एफआयआरची प्रत, वूंड सर्टिफिकेट आणि डिस्चार्ज समरी या चार गोष्टी एका प्लास्टिक फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवा. गाडी एकट्याची घसरली असेल तर थर्ड पार्टी विम्याचा दावा बसत नाही. गाडीमालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो मृत्यू, हात-पाय-डोळा गमावणं किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व यांसाठीच. आम्हाला त्यातून काही मिळालं नाही. पण हे कळायला वकिलांकडे खेटे घालावे लागले, तुमचे वाचावेत.

दिवाळीनंतर कवटीचा तुकडा परत बसवला. जानेवारीत सहा महिने झाले, तेव्हा ओपीडीत डॉक्टरांनी साधे प्रश्न विचारले. घरी एकटे राहू शकतात का, दुकानातून सामान आणतात का, एसटीने एकटे जातात का, पूर्वीचं काम करू शकतील का, चिडचिड वाढली का? याच उत्तरांवरून सहा महिन्यांचा निकाल ठरतो. भाऊजी एकटे राहतात, गावात फिरतात, हिशोबात चुकतात, वास येत नाही, आवाज सहन होत नाहीत. कामावर अजून नाहीत.

आणि थकवा. सकाळी दहाला उठायचे, दुपारी परत झोपायचे, थंडी वाजते म्हणायचे. आम्ही ते मनाचं समजत होतो. डॉक्टरांनी पिट्यूटरीच्या तपासण्या लिहून दिल्या. ही ग्रंथी कवटीच्या तळाशी असते आणि मोठ्या मारात तिला इजा होऊ शकते, ते महिन्यांनी लक्षात येतं. इथे एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. नुसतं टीएसएच, म्हणजे थायरॉईडला हुकूम देणारं पिट्यूटरीचं हार्मोन, तपासून थांबू नका. बिघाड पिट्यूटरीत असेल तर टीएसएच नॉर्मल दिसू शकतं, सोबत फ्री टी४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, लागतंच. भाऊजींचं टीएसएच ठीक होतं, फ्री टी४ कमी निघालं. थायरॉईडची गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसोल तपासलं, कारण ते कमी असताना ही गोळी दिली तर धोका असतो. ते ठीक आलं. मार्चपासून गोळी चालू आहे. आता सकाळी सातला उठतात आणि दुधाच्या डेअरीला स्वतः जातात.

कॉर्टिसोलचं रक्त सकाळी आठच्या सुमाराला द्यायचं असतं, दुपारच्या नमुन्याचा अर्थ लागत नाही. खानापूर किंवा संकेश्वरकडून येणार असाल तर लॅब किती वाजता उघडते ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि पहिल्या बसने निघा.